तिच्यापुरता अपवाद

या महिन्यातील बरीच पत्रे एकाच विषयावर आली आहेत, म्हणून हे सदर संपूर्णपणे त्यालाच दिले आहे. विषय आहे ‘डार्क माफिया रोमान्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचा. ज्यांनी त्या वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नायक हा एखाद्या गुन्हेगारी घराण्याचा प्रमुख किंवा वारस असतो. तो अबोल, संशयी आणि निर्दय असतो. नायिका त्या जगाबाहेरची, मोकळ्या मनाची आणि बहुधा हसरी असते. कर्ज, सूड, तह किंवा ठरवून लावलेले लग्न अशा कुठल्यातरी कारणाने दोघे एका छताखाली येतात आणि प्रेमात पडतात. वाचकांच्या बोलीत या जोडीला ‘ग्रम्पी-सनशाइन’, म्हणजे तिरसट आणि हसरी, असे म्हणतात.

प्रश्न : मी छत्तीस वर्षांची आहे. कोणी आवाज चढवून बोलले तरी माझ्या पोटात गोळा येतो आणि बातम्यांमधील खुनाचे तपशील मला ऐकवत नाहीत. माझे पती शांत स्वभावाचे असून आमचा संसार सुखाचा आहे. असे असताना गेले वर्षभर मी रोज रात्री याच कादंबऱ्या वाचते आहे. एक संपली की लगेच दुसरी. आता मला माझीच लाज वाटू लागली आहे. माझ्या मनात काही बिघडले आहे का?

उत्तर : काहीही बिघडलेले नाही. तुम्हाला जे ओढते आहे ते रक्त नव्हे, हे मी तुमच्या पत्रावरूनच खात्रीने म्हणू शकते, कारण ज्याला रक्तच हवे असते त्याला ते बातम्यांत आणि गुन्हेकथांत हवे तेवढे मिळते आणि तुम्ही नेमके तेच टाळता आहात. तुम्हाला ओढते आहे ती अपवादाची गोष्ट. ज्या माणसाचा नियम सगळ्या जगासाठी एक आहे, तो माणूस एका व्यक्तीपुरता तो नियम मोडतो, आणि ती व्यक्ती आपण आहोत, ही कल्पना फार जुनी व फार बळकट आहे.

किती जुनी, ते एका उदाहरणावरून दिसेल. इंग्रज कवी लॉर्ड बायरन यांचे ‘द कॉर्सेअर’ हे कथाकाव्य १८१४ साली प्रसिद्ध झाले आणि पहिल्याच दिवशी त्याच्या दहा हजार प्रती खपल्या. त्याचा नायक समुद्री चाच्यांचा सरदार आहे. माणसांचा त्याला तिटकारा आहे, त्याची माणसे त्याला भितात आणि मेडोरा नावाच्या एका स्त्रीवर मात्र त्याचे निस्सीम प्रेम आहे. एक सद्गुण आणि हजार गुन्हे यांच्याशी जोडलेले नाव तो मागे ठेवून गेला, अशा अर्थाच्या ओळींवर ते काव्य संपते. एकास हजार हे प्रमाण लक्षात घ्या. त्या काळच्या वाचकांना हजार गुन्ह्यांची भूल पडली नव्हती. हजारांच्या काळ्या पार्श्वभूमीवर तो एक किती उजळ दिसतो, याची पडली होती. आजच्या कादंबरीत जहाजाच्या जागी काळी गाडी आली आहे, प्रमाण तेच राहिले आहे.

विरुद्ध स्वभावांची जोडी नेमकी येथे कामाला येते. नायक मुळातच सर्वांशी गोड वागणारा असता, तर तो नायिकेशी गोड वागला यात सांगण्यासारखे काय उरले असते? आणि नायिकाही त्याच्यासारखीच थंड, हिशेबी असती, तर त्याचे बदलणे तोलायला आपल्याकडे मापच राहिले नसते. ती त्याच्या माणसांना सुप्रभात म्हणते, उष्टी कपबशी त्याच्या कागदपत्रांवर ठेवते, न विचारता खिडकी उघडते. पन्नास सशस्त्र माणसे ज्याच्यापुढे मान वर करत नाहीत, त्याला ही बाई ओल्या पायांनी गालिच्यावर चालू नका असे बजावते, आणि तो मुकाट्याने बाजूला होतो. त्या बाजूला होण्यात सारी कादंबरी असते.

या प्रकारात हमखास येणारा एक प्रसंग जवळून पाहू. रात्रीचे तीन वाजले आहेत. तो परत आला आहे, शर्टाच्या बाहीवर वाळलेले रक्त आहे आणि दंडावर उथळ जखम आहे. ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला आलेली असते. ती किंचाळत नाही. खुर्ची ओढते, बसा म्हणते, कापूस आणि औषध घेऊन येते. कापूस जखमेला लागतो तेव्हा तो डोळ्याची पापणीही हलवत नाही, आणि आपल्याला त्याचे काही वाटत नाही, कारण हे आपल्याला अपेक्षितच असते. मग ती जखमेवर हळूच फुंकर घालते. त्या फुंकरीने मात्र त्याचा श्वास अडतो. लेखिकेने वेदना आणि माया एकापाठोपाठ एक ठेवली आहेत. पहिलीची त्याला सवय आहे, दुसरीची नाही. आजवर त्याच्या दुखऱ्या जागेवर कोणी फुंकर घातलेली नाही, हे एकही शब्द न बोलता आपल्याला कळते. चांगल्या लेखिकेच्या हाती हा प्रसंग कितीही वेळा वाचला तरी शिळा होत नाही, आणि मी तो बऱ्याच वेळा वाचला आहे.

अशा नायकाला अनेक जण फणसाची उपमा देतात, वरून काटेरी आणि आतून गोड. मला ती चुकीची वाटते. फणस कोणीही फोडला तरी गोडच निघतो. हा माणूस इतरांसाठी आतूनही काटेरीच असतो आणि शेवटच्या पानापर्यंत तसाच राहतो. त्याचे हृदयपरिवर्तन झाले, तो संत झाला, असे लिहिले तर वाचक नाराज होतात. त्यांना तो सुधारायला नको असतो, तो फक्त तिच्यापाशी वेगळा व्हायला हवा असतो.

आता तुमच्या लाजेबद्दल. खऱ्या आयुष्यात असा मनुष्य समोर आला तर तुम्ही पळून जाल, आणि तेच योग्य आहे, कारण खऱ्या आयुष्यात त्याच्या मनातले प्रकरण तुम्हाला वाचायला मिळणार नाही. या कादंबऱ्यांत ते मिळते. बहुतेकींची मांडणी एक प्रकरण तिचे, एक त्याचे अशी असते; तो दार आपटून निघून गेला की पुढच्याच पानावर, तो जिन्यात थांबून स्वतःला दोष देत होता, हे आपण वाचतो. नायिकेला भीती वाटत असते, पण वाचकाला त्याचे मन आधीच उघडे करून दाखवलेले असते. शिवाय शेवट ठरलेला असतो. अमेरिकेतील प्रणयकथा लेखकांच्या संघटनेने या साहित्यप्रकाराची जी व्याख्या केली आहे, तिच्यात मध्यवर्ती प्रेमकथेइतकेच महत्त्व समाधान देणाऱ्या, आशादायक शेवटाला दिलेले आहे. म्हणजे तुम्ही अंधारात उतरता ते कठडा घट्ट धरून, आणि पुस्तक मिटण्याचा अधिकार प्रत्येक क्षणी तुमच्याच हातात असतो. खऱ्या भीतीत हा अधिकार नसतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. जॅनिस रॅडवे या अमेरिकी अभ्यासक स्त्रीने प्रणयकथा नियमित वाचणाऱ्या स्त्रियांशी सविस्तर बोलून १९८४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसभर घरातल्या सर्वांचे करणाऱ्या त्या स्त्रियांसाठी वाचनाची वेळ ही स्वतःची, कोणी हात लावू नये अशी वेळ होती. आणि पुस्तकातील पुरुषाकडून त्यांना हवी होती ती काळजी, जी त्या स्वतः इतरांची घेत होत्या. माफिया नायकाकडे या दृष्टीने पाहा. ती जेवली नाही हे त्याला कळते. तिच्या चपलेचा पट्टा तुटला आहे हे तो पाहतो. शत्रूवर नजर ठेवण्यात मुरलेला माणूस तीच नजर तिच्यावर ठेवतो, पण मायेने. दिवसभर सगळ्यांचे ध्यानात ठेवणाऱ्या स्त्रीला, कोणीतरी आपलेही न सांगता ध्यानात ठेवावे असे वाटणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. तुमचे पती शांत आहेत असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना टोळीप्रमुख व्हायला सांगू नका, पण तुम्हाला कोणकोणत्या लहान गोष्टींची दखल घेतलेली आवडेल, हे अवश्य सांगा.

प्रश्न : मी हा प्रकार दोन वर्षे वाचला आणि आता सोडला. ‘विरुद्ध स्वभावांचे आकर्षण’ हे नाव फसवे आहे असे माझे मत झाले आहे. त्याच्याकडे पैसा, वय, अनुभव, शस्त्रे, माणसे. तिच्याकडे फक्त हसू आणि निष्पापपणा. हा विरोध आहे की निव्वळ विषमता? नायिका म्हणजे त्याचा अंधार दिसावा म्हणून लावलेला दिवा असतो.

उत्तर : तुमच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि या प्रकारावर प्रेम करणाऱ्यांनी तो टाळू नये. दोन माणसे परस्परविरुद्ध असणे वेगळे आणि एकाच्या हाती सर्व काही व दुसऱ्याच्या हाती काहीच नसणे वेगळे. बऱ्याच कादंबऱ्या दुसरी गोष्ट लिहितात आणि तिला पहिलीचे नाव देतात.

मला या प्रकाराचे मूळ दोन जुन्या फ्रेंच कथांमध्ये दिसते. एक, ब्यूटी ही तरुणी आणि बीस्ट हा पशुरूपी पुरुष यांची; ती १७४० साली गाब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांनी प्रथम लिहिली आणि १७५६ साली लप्रँस द ब्यूमाँ यांनी आटोपशीर करून आज परिचित असलेल्या रूपात आणली. दुसरी, शार्ल पेरो यांनी १६९७ साली प्रसिद्ध केलेली निळ्या दाढीवाल्याची. दोन्हींत श्रीमंत, भीतिदायक पुरुष आहे, मोठा वाडा आहे, आणि त्यात एकटी आलेली तरुणी आहे. इथवर त्या एकच कथा आहेत. मात्र बीस्ट रोज रात्री तिला लग्नाबद्दल विचारतो, ती नाही म्हणते आणि तो ते नाही मानून घेतो. पुढे वडिलांना भेटायचे आहे असे ती म्हणते तेव्हा तिच्यावाचून आपण मरू हे ठाऊक असूनही तो तिला जाऊ देतो. निळ्या दाढीवाला बायकोला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या देतो आणि एक खोली उघडायची नाही असे बजावतो. ती उघडते तेव्हा आत त्याच्या आधीच्या बायकांची प्रेते दिसतात, आणि हातून निसटलेल्या किल्लीवर पडलेला रक्ताचा डाग काही केल्या पुसला जात नाही.

आजची माफिया कादंबरी या दोन वाड्यांच्या मधल्या रस्त्यावर उभी असते. तिच्यातील थरार याचाच असतो की आपण कोणत्या वाड्यात शिरलो आहोत हे नायिकेला बराच काळ समजत नाही. म्हणून एखादे पुस्तक पारखताना मी नायकाने किती माणसे मारली हे मोजत नाही. तिचे ‘नाही’ कोणत्या पानावर आले आणि त्या ‘नाही’चे पुढे काय झाले, हे पाहते. दार उघडले जाते का? ती बाहेर जाऊन स्वतःच्या पायांनी परत येते का? ज्या पुस्तकात तिचा नकार म्हणजे केवळ लांबवलेला होकार ठरतो, शरीर विरघळले म्हणजे मनाने संमती दिली असे दाखवले जाते, ते पुस्तक निळ्या दाढीवाल्याचे आहे; फक्त लेखिकेने शेवटी लग्न लावून दिले आहे. अशी पुस्तके मी अर्ध्यावर सोडते.

परंतु चांगली पुस्तकेही आहेत, आणि ती वाचून तुमचे मत थोडे बदलेल अशी मला आशा आहे. त्यांत नायिकेपाशी असे काहीतरी असते जे त्याच्या पैशाने विकत घेता येत नाही आणि ज्याची त्याला गरज असते. ती हिशेबतपासनीस असते आणि वह्यांतली खोट तिलाच सापडते. परिचारिका असते आणि रक्ताला त्याच्याइतकीच सरावलेली असते. कधी फक्त ती खोटे बोलत नाही, आणि ज्याच्याभोवतीचा प्रत्येक माणूस भीतीपोटी खोटे बोलतो त्याला त्याची किंमत फार असते. तिथे ती दिवा राहत नाही, त्याच्याइतकेच वजन असलेले दुसरे पारडे होते.

प्रश्न : खरी माफिया घराणी अशी असतात का? तह करण्यासाठी लग्ने लावतात हे खरे आहे का?

उत्तर : लग्नांचे खरे आहे. इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियात, ‘न्द्रांगेता ही संघटना रक्ताच्या नात्यावर उभी आहे आणि तेथे घराण्यांमधील सलोखा व युती सोयरिकींनी पक्की केली गेली आहे. इतर बहुतेक गोष्टी कादंबरीच्या आहेत. सिसिलीच्या कोसा नोस्त्रा या माफिया संघटनेत स्त्रीला सभासद होता येत नाही. रशियन टोळ्यांतील ‘कायद्याने चालणारे चोर’ म्हणवणाऱ्यांच्या जुन्या आचारसंहितेत तर संसार थाटायलाच मनाई होती, त्यामुळे त्या संहितेप्रमाणे चालणाऱ्या टोळीप्रमुखाचे थाटामाटाचे लग्न ही निखळ कल्पना आहे. माफियाचा रोजचा धंदा म्हणजे दुकानदारांकडून ‘पिझ्झो’ नावाची खंडणी, ठेकेदारी, अमली पदार्थ आणि गप्प बसण्याची सक्ती. इटलीत माफिया संघटनेचे सभासदत्व हाच गुन्हा ठरवणारा कायदा १९८२ साली झाला. सिसिलीची राजधानी पालेर्मो येथे १९८६ साली सुरू झालेल्या महाखटल्यात चारशेहून अधिक आरोपी होते. आणि त्या खटल्यामागचे न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने यांना २३ मे १९९२ रोजी महामार्गाखाली स्फोट घडवून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी फ्रान्चेस्का मोर्व्हिल्लो, ज्या स्वतः न्यायाधीश होत्या, त्यांच्यासोबत गेल्या.

त्या जगातील स्त्रीची गोष्ट वाचायची असेल तर लेआ गारोफालो यांची वाचा. कालाब्रियातील अशाच घराण्यात त्या वाढल्या, अशाच माणसाबरोबर राहिल्या, मुलीला वेगळे आयुष्य मिळावे म्हणून पोलिसांशी बोलल्या. २००९ साली मिलानमध्ये त्यांचा खून झाला आणि त्याबद्दल त्यांच्या मुलीच्या पित्याला शिक्षा झाली. न्यायालयात त्याच्याविरुद्ध त्या मुलीनेच साक्ष दिली. तेथे अपवाद केला गेला नाही.

मग कादंबरीला माफिया कशाला हवा? मला वाटते, राजा हवा म्हणून. शपथ, वारस, दरबार, घराण्यांचे वैर, तहासाठी दिलेली मुलगी, हे सारे जुन्या राजेरजवाड्यांच्या कथांतले सामान आहे आणि आजच्या शहरात ते मांडायला लेखिकेला दुसरी जागा उरलेली नाही. कादंबरीतला डॉन हा सूट घातलेला राजा आहे. तो तसा आहे हे लक्षात ठेवून वाचले की वाचनाचा आनंदही टिकतो आणि खऱ्या बळींचा अपमानही होत नाही.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी मोबाइलवर अशी पुस्तके वाचताना मला दिसली. काय करावे?

उत्तर : ही पुस्तके प्रौढांसाठी लिहिलेली असतात. अनेक पुस्तकांच्या सुरुवातीलाच आत कोणत्या प्रकारची हिंसा व छळ आहे याची सूचना छापलेली असते. ते पान तुम्ही स्वतः वाचा आणि हे वाचन अजून काही वर्षे थांबावे असे मुलीला स्पष्ट सांगा. मात्र मोबाइल हिसकावून घेऊ नका आणि तिला लाजवू नका, कारण मग ती वाचत राहील आणि बोलणे तेवढे थांबेल. नायक तिला का आवडला ते विचारा. तो नायिकेचा फोन तपासतो, तिने कोणाला भेटावे हे ठरवतो, ते तुझ्या मैत्रिणीच्या बाबतीत कोणी केले तर तू तिला काय सांगशील, हेही विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. पुस्तकातल्या नायकाच्या मनातले प्रकरण वाचता येते, बाहेरच्या मुलाचे येत नाही, एवढा एक फरक तिच्या लक्षात आला तरी ते संभाषण सार्थकी लागले.

प्रश्न : मी स्वतः अशी कादंबरी लिहिते आहे. नायक अबोल टोळीप्रमुख, नायिका फुलांची सजावट करणारी, सदा आनंदी. पहिली तीन प्रकरणे मैत्रिणींना वाचायला दिली. नायक सर्वांना आवडला, पण नायिका ‘बावळट’ वाटते असे सगळ्या म्हणाल्या. तिला जबरदस्तीने त्याच्या घरी आणले जाते, तरीही ती बागेतली फुले पाहून हरखते, असा प्रसंग तिसऱ्या प्रकरणात आहे. चूक कुठे होते आहे?

उत्तर : तुमची नायिका आनंदी आहे, पण ती का आनंदी आहे हे अजून तुम्हालाच ठाऊक नाही, म्हणून तो आनंद अज्ञानासारखा दिसतो. खरा विरोध स्वभावांचा नसतो. एकाच प्रश्नाला दोघांनी दिलेल्या दोन उत्तरांचा असतो. समजा, दोघांनाही लहानपणी अगदी जवळच्या माणसाने दगा दिला आहे. त्याने ठरवले की यापुढे कोणावर विश्वास टाकायचा नाही. तिने ठरवले की यापुढे मीच आधी विश्वास टाकीन, म्हणजे निदान सुरुवात माझ्या हातात राहील. आता तिचे हसणे भोळेपणाचे राहत नाही, तो तिने विचारपूर्वक घेतलेला पवित्रा होतो; आणि तो तिच्याकडे पाहतो तेव्हा आपण निवडू शकलो असतो तो दुसरा रस्ता त्याला दिसतो. त्याची ओढही त्यातलीच आणि त्याचा रागही त्यातलाच.

फुलांचा प्रसंग काढू नका, तो चांगला आहे. तिला हरखू द्या, पण झाडांना पाणी घालता घालता तिला फाटकावरचे पहारेकरी मोजू द्या. त्यातल्या एकाला तिने नाव विचारावे. त्याने आधी सांगू नये, दुसऱ्या दिवशी सांगावे. तिसऱ्या दिवशी चार पहारेकरी तिच्याशी नावाने बोलत आहेत आणि एकाने तिच्यासाठी बागेची कात्री आणून ठेवली आहे, हे नायकाने वरच्या खिडकीतून पाहावे. वीस वर्षे त्याने भीतीने बांधलेली शिस्त तिने तीन दिवसांत नुसत्या विचारपुशीने सैल केली आहे, हे त्याला तिथे उमगते. आता ती त्याच्या जगात पाहुणी राहिलेली नाही, धोका झाली आहे. त्या रात्री तो फाटकावरची सगळी माणसे बदलतो. सकाळी ती झारी घेऊन बाहेर येते, नव्या माणसासमोर थांबते आणि त्याला त्याचे नाव विचारते. चौथे प्रकरण तेथून सुरू करा.